वटवृक्ष आणि त्याच्या पारंब्या
(कर्मवीर भाऊराव पाटील : एक जीवनदर्शन)

कोणत्याही संस्थेचा महोत्सव आला की संस्थापकांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि त्यांच्या पुण्याईचे स्मरण केले जाते. हे योग्यच आहे. परंतु त्या तसबिरीच्या मागे ज्यांची नावे शिलालेखावर नाहीत अशी कितीतरी माणसे उभी असतात. कोणी हिशेब लिहिलेला असतो, कोणी स्वयंपाकघर सांभाळलेले असते, कोणी पावती पुस्तक घेऊन दारोदार हिंडलेला असतो. नेता आणि अनुयायी यांचे नाते कसे असावे, याचा विचार अशा वेळी मनात येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय कापडाचा. उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांत गुंफले तरच कापड तयार होते. नुसता ताणा म्हणजे सुताची जुडी, आणि ताण्याशिवाय बाण्याला टेकायला जागाच नाही. संस्थेचेही तसेच आहे. या दृष्टीने पाहता कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जीवनाइतका बोधप्रद ग्रंथ आपल्या भागात दुसरा क्वचितच सापडेल.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. बाहुबलीच्या डोंगरामुळे कुंभोज हे नाव जैन बांधवांना सुपरिचित आहे. त्यांचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस होते, मातोश्रींचे नाव गंगाबाई. वडिलांच्या बदल्यांमुळे बालपण निरनिराळ्या गावी गेले. अंगाने धिप्पाड, खेळात व कुस्तीत रमणारा आणि अन्याय दिसताच उसळून उठणारा हा मुलगा होता. अस्पृश्य मानलेल्या लोकांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्याने त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी त्यांच्या लहानपणची हकिगत सांगितली जाते.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले व तेथील जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. येथे घडलेली एक घटना जैन समाजाने विसरता कामा नये. कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडण्यात आले. त्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांनी स्नान करून मगच भोजनास बसावे अशी अपेक्षा होती. त्यांनी तसे करण्यास नकार दिला आणि परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. काही काळ ते राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले. महाराजांनी जातिभेदाविरुद्ध चालविलेले कार्य व निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी उभारलेली वसतिगृहे त्यांना जवळून पाहावयास मिळाली.

त्या काळच्या व्यवस्थापकांना दोष देणे आज सोपे आहे. पालकांनी आपल्या आचारधर्माच्या भरवशावर मुले त्यांच्या स्वाधीन केली होती आणि नियम पाळणे हे त्यांना आपले कर्तव्यच वाटले असेल. तथापि हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? संस्थेने नियम राखला आणि माणूस गमावला. ज्या विद्यार्थ्याने पुढे हजारो मुलांसाठी वसतिगृहे उघडली, त्याला सामावून घेण्याइतकी जागा त्या वसतिगृहात नव्हती. भगवान महावीरांच्या समवसरणात जातिकुळाचा भेद न करता सर्व जीवांना स्थान होते, असे आपण प्रवचनातून ऐकत आलो आहोत. त्या तरुणाने हेच तत्त्व आचरणात आणले होते. संस्थेतील एखादा अनुयायी प्रश्न विचारतो तेव्हा तो नियम मोडतो आहे की नियमामागचा हेतू राखतो आहे, हे ओळखणे नेतृत्वाचे पहिले काम होय.

भाऊरावांचे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाही. परंतु त्यांच्या स्वभावाची परीक्षा घेणारा प्रसंग लवकरच आला. १९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्यास डांबर फासण्याचा प्रकार घडला. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न झाला. लठ्ठे हे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या संस्थापकांपैकी एक व जैन बोर्डिंगशी निकटचा संबंध असलेले विद्वान गृहस्थ होते. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला. त्यांना अटक झाली, मारहाण झाली, आणि छळ असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण खोटे बोलण्यास जीभ वळली नाही. ज्या बोर्डिंगमधून बाहेर पडावे लागले त्या बोर्डिंगच्या धुरीणाविरुद्ध मनात राग असता, तर सूड घेण्याची ही आयती संधी होती. जैन धर्मात सत्य हे अणुव्रतांपैकी एक मानले आहे. ते व्रत तुरुंगात कसे पाळावे हे या तरुणाने दाखवून दिले.

याहूनही विशेष गोष्ट पुढेच आहे. हा सारा छळ शाहू महाराजांच्या राज्यात झाला होता. महाराजांशी त्या काळात लठ्ठ्यांचेही संबंध दुरावलेले होते. तरीसुद्धा महाराजांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, लठ्ठ्यांनी त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी भाऊरावांनी साताऱ्यात जे वसतिगृह उघडले त्याला पुढे शाहू महाराजांचेच नाव मिळाले. नेत्याच्या कारभारात आपल्यावर अन्याय झाला म्हणून त्याच्या कार्याचे ऋण नाकारावयाचे नाही, हा विवेक दोघांनीही राखला. डोळे मिटून केलेल्या भक्तीपेक्षा अशी निष्ठा अधिक टिकाऊ असते, कारण तिने नेत्याचे गुण आणि उणिवा दोन्ही पाहिलेल्या असतात.

पोटापाण्यासाठी भाऊरावांनी नाना उद्योग केले. साताऱ्यात शिकवण्या केल्या, त्यामुळे लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. ओगले यांच्या काच कारखान्याच्या मालाची व किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री त्यांनी केली. आम्हा व्यापाऱ्यांना याचे महत्त्व सहज कळेल. फिरता विक्रेता गावोगाव जातो, लोकांच्या ओसरीवर बसतो, त्यांची नड जाणतो. नांगर विकताना भाऊरावांनी सातारा जिल्ह्यातील खेडी पायाखाली घातली. शेतकऱ्याला नवा नांगर हवा आहे, पण त्याच्या मुलाला अक्षरओळख नसल्याने सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हेही त्याला वाचता येत नाही, हे त्यांनी पाहिले. पुढे धनजीशा कूपर यांना साताऱ्यात नांगराचा कारखाना काढण्यास त्यांनी साह्य केले, परंतु मतभेद झाल्यावर तो मार्ग सोडून ते सर्वस्वी शिक्षणकार्याकडे वळले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा संस्कार त्यांच्यावर झालेला होताच.

दूधगाव येथे १९१० च्या सुमारास सहकाऱ्यांसह त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम सुरू केला होता. त्या अनुभवाची परिणती ४ ऑक्टोबर १९१९ रोजी झाली. विजयादशमीच्या मुहूर्तावर कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेच्या नावात संस्थापकाचे नाव नाही, घराण्याचे नाही, जातीचे नाही. ज्यांच्यासाठी संस्था काढली त्या रयतेचेच नाव तिला दिले. बोधचिन्ह म्हणून वटवृक्ष निवडला. मोठ्या झाडाच्या सावलीत दुसरे झाड वाढत नाही, असे आपण नेहमी म्हणतो. वडाचा गुण मात्र निराळा आहे. त्याच्या पारंब्या जमिनीला टेकतात, मूळ धरतात, आणि कालांतराने मूळ खोड कोणते व पारंबी कोणती हे ओळखता येत नाही. भाऊरावांनी हे चिन्ह निवडले तेव्हाच त्यांच्या मनातील नेता-अनुयायी संबंधाची कल्पना स्पष्ट झाली होती, असे म्हणावेसे वाटते.

१९२४ साली संस्थेचे मुख्य ठिकाण साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, ब्राह्मणेतर अशा सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत व आपली कामे आपणच करीत. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सर्व जातींच्या मुलांचे सहभोजन हा त्या काळी मोठाच अपूर्व प्रयोग होता.

या प्रयोगाचा खरा भार कोणी वाहिला हे सांगितल्याशिवाय हे चरित्र पूर्ण होणार नाही. भाऊरावांच्या धर्मपत्नी सौ. लक्ष्मीबाई सुखवस्तू व धर्मनिष्ठ जैन घराण्यातून आलेल्या. माहेरी सोवळे-ओवळे कडक. त्यांनी या मुलांची आई होणे पत्करले. वसतिगृहात धान्य संपले की एकेक दागिना मोडला जाई. अखेर सौभाग्यलेणे असलेले मंगळसूत्रसुद्धा मुलांच्या अन्नासाठी त्यांनी काढून दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. भाऊराव नेते आणि लक्ष्मीबाई अनुयायी, अशी नोंद वरवर पाहता करता येईल. परंतु जमाखर्च नीट मांडला तर भाऊरावांनी जो संकल्प केला त्याची रोख किंमत पुष्कळ अंशी लक्ष्मीबाईंनी चुकती केली. भाऊरावांना सभेत हार मिळाले, लोकांनी कर्मवीर म्हटले, लक्ष्मीबाईंच्या वाट्याला चुलीचा धूर आला. नेत्याच्या त्यागाचे आपण गोडवे गातो, त्याच वेळी त्याच्या घरातील माणसांना त्या त्यागासंबंधी कोणी विचारले होते काय, हा प्रश्नही मनाला विचारावा. लक्ष्मीबाईंनी तो त्याग मनापासून केला याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, पण म्हणूनच त्यांचे नाव संस्थापकांच्या बरोबरीने घेतले गेले पाहिजे.

संस्थेचा विस्तार पुढे झपाट्याने झाला. १९३२ साली पुणे कराराच्या पार्श्वभूमीवर पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. १९३५ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली व त्याच वर्षी साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. या घटनाक्रमात एक शहाणपण दडलेले आहे. वाढती संस्था इमारतीआधी माणसे तयार करते. ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेले तरुण खेड्यापाड्यांत गेले आणि त्यांच्या बळावर ज्या गावांत शाळाच नव्हती अशा ठिकाणी ऐच्छिक शाळा उघडण्यात आल्या. त्यांची संख्या ५७८ पर्यंत गेली. देवळात, चावडीत, कोणाच्या पडवीत त्या भरत. शिक्षकाला वेतन तुटपुंजे मिळे व राहण्या-जेवण्यासाठी बहुतांशी गावाच्या आस्थेवर विसंबावे लागे. या शिक्षकांपैकी फारच थोड्यांची नावे आज कोणाला ठाऊक असतील. पुढे या शाळा सरकारी स्कूल बोर्डाकडे सोपविण्यात आल्या. पोटच्या मुलाप्रमाणे वाढविलेल्या शाळा दुसऱ्याच्या स्वाधीन करणे सोपे नसते. परंतु गावात शाळा असणे महत्त्वाचे, तिच्यावर पाटी कोणाची आहे हे दुय्यम, ही वृत्ती असली म्हणजे ते जमते.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. येथे कमवा आणि शिका या योजनेस पूर्ण रूप आले. मुले शेतात राबत, माती-दगड वाहत, बांधकामावर काम करीत आणि त्या श्रमातून आपल्या शिक्षणाचा व जेवणाचा खर्च भागवीत. दानाच्या अन्नावर वाढलेला मुलगा दात्यासमोर वाकून उभा राहतो. स्वतःच्या घामाचे खाल्लेला मुलगा ताठ मानेने उभा राहतो, त्याला आपले मत असते. भाऊरावांना मिंधे अनुयायी नको होते. आम्हा देणगीदार वर्गाने या गोष्टीचे मनन करावे. देणगीबरोबर लाचारीही हाती पडत असेल, तर घेणाऱ्याचे भले होण्यास उशीर लागतो.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. एका धनिकाने कॉलेजास आपले नाव दिल्यास मोठी रक्कम देण्याची तयारी दाखविली असता, एक वेळ जन्मदात्याचे नाव बदलीन पण शिवाजी महाराजांचे नाव बदलणार नाही, अशा आशयाचे उत्तर भाऊरावांनी दिले, ही आख्यायिका रयत परिवारात आजही सांगितली जाते. पैशाची निकड असताना असा नकार देणे किती कठीण, हे विश्वस्त म्हणून काम केलेल्या कोणासही समजेल.

भाऊरावांचा स्वभाव शांत, मृदू होता असे मुळीच नाही. ते तापट होते, शिस्तीला कडक होते, बोलण्यात परखड होते. या परखडपणाची झळ संस्थेलाही बसली. १९४८ साली त्यांच्या जाहीर वक्तव्यांमुळे सरकारची इतराजी ओढवली आणि मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. नेत्याच्या शब्दाचे मोल अनुयायांना पगार गमावून द्यावे लागते, याचे हे उदाहरण होय. नेत्याला स्वतःचे मत असावे, ते त्याने निर्भयपणे मांडावे, हे खरे. परंतु त्याच्या मागे हजारो मुलांची पंगत बसलेली असते, हेही तितकेच खरे. या दोहोंतून मार्ग काढण्याचे कोणतेही सोपे सूत्र नाही. त्या कठीण काळात कार्यकर्त्यांनी हालअपेष्टा सोसून शाळा चालू ठेवल्या. अखेर संत गाडगेमहाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे रदबदली केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. शिक्षकांनी हे सारे का सोसले? कारण नेत्याच्या ताटात त्यांच्यापेक्षा वेगळे काही वाढलेले नाही, हे ते रोज पाहत होते. आपल्या ताटातील पदार्थ निराळे ठेवून दुसऱ्याला उपवासाचा उपदेश करणाऱ्याला अशी माणसे लाभत नाहीत.

गाडगेमहाराजांशी त्यांचा स्नेह दृढ होता. १९५४ साली कराड येथे निघालेल्या कॉलेजास त्यांचेच नाव दिले गेले. संस्थेच्या शाखांची नावे पाहिली तर शाहू, सयाजीराव, शिवाजी, गाडगेमहाराज, आझाद अशी ती आहेत. भाऊरावांनी आपल्यापूर्वीच्या व आपल्या काळातील थोरांचे अनुयायित्व असे उघडपणे मिरविले. ज्याला कोणाचे अनुयायी होता येत नाही त्याला चांगला नेता होणेही कठीण जाते, असे यावरून म्हणता येईल.

आता त्यांच्या अनुयायांकडे वळू. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाले. वकिलीत धन आणि मान दोन्ही मिळाले असते. ते परत आले आणि संस्थेच्या कामात रुजू झाले. पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले व भाऊरावांचे विस्तृत इंग्रजी चरित्रही लिहिले. इस्माईलसाहेब मुल्ला यांनी संस्थेची धुरा वाहिली, त्यांचे नाव आज साताऱ्याच्या विधी महाविद्यालयास आहे. प्रा. एन. डी. पाटील यांनी राजकारणात स्वतंत्र मतांचा बाणा राखूनही अनेक वर्षे संस्थेचे चेअरमनपद सांभाळले. एक बॅरिस्टर, एक मुसलमान गृहस्थ, एक डाव्या विचारांचा झुंजार प्राध्यापक. स्वभाव, धर्म, मते भिन्न. यांपैकी कोणीही भाऊरावांची नक्कल नव्हते. होयबांचा गोतावळा जमविणाऱ्या नेत्याच्या पश्चात संस्थेत गादीचे भांडण सुरू होते. भाऊरावांनी आपल्यापेक्षा अधिक शिकलेली, अधिक वाचलेली माणसे मुद्दाम घडविली आणि त्यांची भीती बाळगली नाही. व्यापारी भाषेत बोलायचे तर, मालक दुकानात नसतानाही ज्या दुकानात गिऱ्हाइकाला योग्य मापाने कापड मिळते ते दुकान खरे.

१९५९ च्या जानेवारीत भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्याच वर्षी ५ एप्रिल रोजी पुणे विद्यापीठाने मॅट्रिकही न झालेल्या या शिक्षणमहर्षीला डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या हयातीत ३८ वसतिगृहे, ५७८ ऐच्छिक शाळा, ६ ट्रेनिंग कॉलेजे, १०८ माध्यमिक शाळा आणि ३ महाविद्यालये एवढा व्याप उभा राहिला. मागे स्वतःची इस्टेट म्हणावी असे त्यांनी काही ठेवले नाही. त्यांच्या निधनानंतर संस्था थांबली नाही. २०१९ साली तिची शताब्दी झाली आणि आज तिच्या शाखांची संख्या सातशेच्या वर आहे. संस्थापकाच्या हयातीतील आकड्यांपेक्षा त्याच्या पश्चातले आकडे त्याच्या नेतृत्वाची अधिक खरी साक्ष देतात.

अपरिग्रह हे व्रत आपण धनाच्या संदर्भात नेहमी आठवतो. पदाचा, नावाचा, अधिकाराचा परिग्रह सोडणे त्याहून अवघड आहे. सोन्याची मर्यादा ठरविणारे श्रावक पुष्कळ सापडतात, खुर्चीची मर्यादा ठरविणारे विरळा. कर्मवीरांच्या जीवनापासून अध्यक्ष, विश्वस्त व कार्यवाह यांनी घ्यावयाचा बोध हा की, आपल्यामागून येणाऱ्यांना वेळीच जमिनीला टेकू द्यावे, मूळ धरू द्यावे, त्यांनी प्रश्न विचारला तर त्यांना पंक्तीतून उठवू नये. आणि कार्यकर्त्यांनी घ्यावयाचा बोध असा की, निष्ठा कार्याशी ठेवावी. लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष न देणारा तो तरुण कोणत्याही एका व्यक्तीचा अंकित नव्हता, सत्याचा मात्र होता.

अशा या थोर पुरुषास व त्यांच्याइतक्याच थोर लक्ष्मीबाईंस, तसेच ज्यांची नावे इतिहासाने टिपली नाहीत त्या शेकडो खेड्यांतील शिक्षकांस विनम्र अभिवादन.

जय जिनेंद्र.